कुंकू समजून सोडलेला डाग

खोटे कपॅसिटर विकणाऱ्यांचा मला अजून राग येतो, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. मदरबोर्डवर बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या उभ्या असतात, आलेली वीज सांभाळून पुढे देणाऱ्या. एवढ्याशा वस्तूत कसली लबाडी करायची? पण करणाऱ्याला लाज नसते.

खामगावात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या खिडकीजवळच्या मशीनचे कपॅसिटर गेले, तेव्हा मी अकोल्याहून नवे आणून बसवले. एकशे पाच डिग्रीपर्यंत टिकेल, असं वर छापलेलं होतं. छापलेल्यावर मी विश्वास ठेवला.

त्या मशीनवर वरवट बकालची एक बाई शिकायची. नवरा नोकरीत असताना वारला, म्हणून अनुकंपावर तिला त्याच्या जागी नोकरीत घेतलं होतं. मुदतीत टायपिंग पास झाली नाही तर नोकरी जाणार होती, आणि मुदतीतली ही शेवटची परीक्षा.

दसऱ्याच्या पूजेला इन्स्टिट्यूटच्या मॅडम प्रत्येक मशीनचं झाकण काढायला लावायच्या. "काम तं आतलंच करते, मंग कुंकू बाहेरून काऊन लावाचं?" असं त्यांचं म्हणणं. परीक्षेआधी मी धूळ काढायला झाकणं उघडली, तर त्या मशीनमध्ये दोन कपॅसिटरांच्या डोक्यावर तांबूस डाग वाळलेला. मला कुंकूच वाटलं. पूजेचं कुंकू कोण पुसतो? ब्रश बाजूने फिरवला आणि झाकण लावलं. नुसतं बोट टेकवलं असतं तरी डोकं फुगल्याचं, आतला द्रव फुटून वर वाळल्याचं कळलं असतं.

परीक्षेत अर्ध्या उताऱ्यावर मशीन बंद पडलं. बाईला दुसरीकडे बसवेपर्यंत वेळ संपली आणि ती नापास झाली.

मी ते कपॅसिटर उपटून एक कापला. मोठ्या नळकांडीच्या आत एक चिमुकली नळकांडी, बाकी सगळं पोकळ. अकोल्याच्या दुकानदारापुढे ती आपटली. तो चहा पीत म्हणाला, "आता सगळा माल असाच येऊन राह्यला भाऊ. तुमी बी तं वरचंच पाह्यलं." त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, याचाही राग आहे.

तसाच तणतणत वरवट बकालला गेलो. नोकरी गेल्याचं पत्र आलं होतं. उरलेला कपॅसिटर बाईपुढे ठेवून मी सांगत सुटलो, की माल नकली, विकणारे चोर, आपण काय करणार. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि डोक्यावर बोट ठेवलं.

"हा डाग परीक्षेच्या आंधी होता का हो?"

"होता. मले कुंकू वाटलं."

तिनं डाग नखानं खरवडून पाहिला. मग कपॅसिटर माझ्या हातात परत दिला.

"कुंकू असं नसते वाळत, भाऊ," ती म्हणाली. "मले दाखवाचं होतं."