बोळवण केलेली वगार

माझ्या मायचं नाव गोजराबाई. शेलूबाजारात तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही, सोसलंय म्हणून सांगते. मी जन्मायच्या आधी देवीच्या साथीत तिची दोन पोरं गेली होती. त्यामुळे मला तिनं कधी नजरेआड होऊ दिलं नाही.

मी सहा वर्षांची असताना, एकोणीसशे अकरा साली, देवीडॉक्टर दौलतराव गावात आले. टोचायची लस आमच्याकडे तेव्हा बाटलीतून येत नसे. निरोगी वासराचं पोट भादरायचं, चरे पाडून तिथं लस चोळायची, आणि पाच दिवसांनी फोड भरले की त्यातलं पाणी पोरांच्या दंडावर टोचायचं. गावात कुणी वासरू देईना. मायनं आमच्या म्हशीची वगार दिली. अजून दूध पिणारी, मायच्या मागं मागं चुलीपर्यंत येणारी. माझ्यासाठीच दिली, हे उघड आहे.

पोट चाटता येऊ नये म्हणून वगारीची मान खुंट्याला आखूड बांधली होती. पाच दिवस तिला धड बसताही आलं नाही. माय शेजारी बसून माश्या हाकायची आणि दौलतरावांशी भांडायची.

"आमच्या लेकरायसाठी हिचं पोट काहून चिरलं?"

"जनावर सोसतं, बाई."

"सोसते, का तिले सांगता येत नाही?"

दौलतरावांनी वगारीपुढं पाण्याची बादली सरकवली. माणूस वाईट नव्हता. त्या पाण्यानं गावची चाळीस पोरं टोचली, आणि पुढच्या साथीत त्यांतलं एकही गेलं नाही. मीही नाही.

मग ते वगार घेऊन मंगरूळपीरला निघाले, तिथल्या वासरांना तिची लस लावायची होती. पंधरा दिवसांत परत पाठवतो म्हणाले. पण मायच्या लेखी अंगावर फोड आलेल्या वगारीत देवी शिरली होती, आणि घरातून जाणाऱ्या देवीची शिवेवर बोळवण करावी लागते. मायनं दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, "सुखानं जाय, परतून येऊ नको," म्हटलं आणि पाठ फिरवली. दौलतराव नुसते हसले. तेव्हाच त्यांनी दोन शब्द समजावून सांगितले असते तर!

बाराव्या दिवशी भर दुपारी वगार एकटीच परत आली. दावं तोडून चार-पाच कोस चालत आली होती. पोटावरच्या खपल्याही गळल्या होत्या. गोठ्यातल्या म्हशीनं आवाज ओळखला आणि दाव्याला हिसके देऊ लागली. मी धावले, तर मायनं मला आत ओढून कडी लावली आणि कानात कुजबुजली.

"जिले शिवेवर येऊ नको म्हतलं, तिले घरात कशी घेऊ? तुले काही झालं तं?"

वगार दाराला डोकं घासत राहिली. माय आतून दाराला पाठ लावून बसली होती, तोंडात पदर कोंबून. दिवस कलताना डॉक्टरांचा शिपाई शोधत आला आणि वगारीला ओढून घेऊन गेला.

महिन्याभरानं दौलतराव आले, तेव्हा त्यांच्याकडून कळलं की खपल्या पडल्या की लसही सरते, परत आली तेव्हा ती साधी वगारच होती. मायनं त्याच पावली बापाला मंगरूळपीरला धाडलं. घरच्यांना नको आहे असं शिपायानं सांगितलं, म्हणून दौलतरावांच्या माघारीच ती बाजारात विकून टाकली होती.

त्यानंतर आठवडी बाजारात माय प्रत्येक म्हशीपुढं वाकून पोटावरचे वण शोधायची. लोक हसायचे. मला लाज वाटायची, रागही यायचा. पंचवीस वर्षं हे चाललं. शेवटी मी तिला म्हटलं, "माय, एवढी वर्षं म्हैस जगते काय?"

"नाही जगत. मले काय समजत नाही?" ती म्हणाली. मग माझा हात धरून तिनं विचारलं, "म्या आतून आवाजही देल्ला नाही. मी घरी नव्हती, असं वाटलं असन ना वं तिले?"