‘इतर’ नावाचा फोल्डर

माझ्या दादाला नीटनेटकेपणाचा रोग होता आणि घरातले सगळे त्याला गुण म्हणायचे. कपाटातले शर्ट रंगाप्रमाणे, लाइटची बिलं महिन्याप्रमाणे, चहाचे कपसुद्धा कान एका दिशेला करून. त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो त्यानं माणसंही तशीच लावून ठेवायला घेतली तेव्हा.

नव्वदीच्या शेवटी जेसल पार्कमधल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला. बिल्डिंगमधला पहिलाच. ईमेलचा पत्ता आम्हा चौघांत मिळून एक, आणि बघता बघता तो अर्ध्या बिल्डिंगचा झाला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना पी.पी.ची सवय होती. ज्याच्या घरी फोन नाही तो सरळ शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे ‘पी.पी.’ लिहायचा. नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, कुठेही. फोन आला की शेजारी हाक मारणार, हे गृहीत होतं.

आम्ही स्वतः सात-आठ वर्षं पी.पी.वर काढली होती. रस्त्यापलीकडच्या गोडदेव गावातल्या मावशींच्या फोनवर. आम्ही मुंबईहून इथे आलो तेव्हा नळाला पाणी नाही नि फोनचा पत्ता नाही. मावशींच्या घरात दोन्ही होतं. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच घरच्या भातशेतीवर. विहिरीचं पाणी त्यांनी आम्हाला कधी नाकारलं नाही. आमचा फोन आला की त्या भर दुपारीसुद्धा रस्ता ओलांडून यायच्या आणि खाली उभ्या राहून हाक मारायच्या. दादाला नोकरी लागल्याचा निरोप असाच आला. मावशींच्या पायात तेव्हा चपलासुद्धा नव्हत्या, इतक्या त्या धावत आल्या होत्या.

पुढे त्यांच्या घरात वाटण्या झाल्या. फोन असलेलं घर दिरांकडे गेलं आणि विधवा मावशींच्या वाट्याला आमच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा ब्लॉक आला. त्यांचा एकुलता एक मुलगा इलेक्ट्रिशियन होऊन आखातात गेला. जाताना मी त्याला आमचा ईमेलचा पत्ता दिला. त्यानं तो डायरीत उतरवला आणि पुढे नीट अक्षरात ‘पी.पी.’ लिहिलं. मी हसले होते. हसण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

कारण तिकडेही तो पी.पी.च होता. त्याच्याकडे कसला आलाय कॉम्प्युटर! कधी कॅम्पच्या क्लार्कला गळ घालायची, कधी सुपरवायझरला, कधी कुणा मल्याळी मित्राच्या मित्राला. त्यामुळे दर वेळी मेल वेगळ्याच माणसाच्या पत्त्यावरून यायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मी ते खाली जाऊन मावशींना वाचून दाखवायची आणि त्या सांगतील ते उत्तर टाइप करायची.

मग फालतू मेलं वाढली. लॉटरी लागली, केस उगवतील, असली. दादानं सुट्टीच्या दिवशी बसून एक युक्ती शोधली. अ‍ॅड्रेस बुकात ज्याचा पत्ता आहे त्याचं मेल आपोआप त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाणार. ज्याचा नाही ते ‘इतर’मध्ये. आणि दर रविवारी चहानंतर ‘इतर’ न उघडता साफ. “ओळखीचे आत, बाकीचे बाहेर. मशीन चूक करत नाही,” तो म्हणाला. मावशींच्या मुलाचं काय, असं मी विचारलं. “पत्ता दे,” म्हणाला. मी शेवटच्या मेलवरचा पत्ता दिला, त्यानं घातला, मावशींच्या मुलाच्या नावाचा फोल्डर झाला. झालं! त्याचे तीन वेगवेगळे पत्ते माझ्या डोळ्यांनी बघितलेली मी, मलाही ते पुरेसं वाटलं. एवढी कशी मी मठ्ठ?

रोज संध्याकाळी मावशी दार वाजवायच्या. “आयलं का गो काय?”

मी त्याच्या नावाचा फोल्डर उघडायची. रिकामा. “नाही हो मावशी.”

“आसल कामात. दोन वर्सा भरली त्याची, येलच आता.” असं सहा आठवडे. मावशींनी त्याच्या खोलीला नवा रंगही लावून घेतला.

एका शनिवारी मी माझ्या नोकरीच्या अर्जाचं उत्तर शोधत ‘इतर’ उघडला. लॉटरीच्या आणि केसांच्या मधोमध एक अनोळखी नाव होतं आणि विषयात लिहिलं होतं: आईला वाचून दाखव.

“ताई, हे चौथं मेल. आई रागावलीय का? मी विचारलं होतं, दोन वर्षं संपली, आता परत येऊ की अजून तीन वर्षांची सही करू? आई ये म्हणाली असती तर आलो असतो. फोन लावतो तर तुमची लाइन एंगेज, इंटरनेट चालू असेल. कंपनी थांबायला तयार नव्हती. आईला मी राहावं असंच वाटत असेल असं समजून काल सही केली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा गॅलरीत पेपर वाचत होता. मी कागदावर छापून ते त्याच्या पेपरवर आपटलं. त्यानं शांतपणे वाचलं.

“रूल बरोबर चाललाय. हा पत्ता लिस्टमध्येच नाहीये.”

“तीन मेलं पुसलीस तू त्याची! न बघता!”

“मग त्यानं एक पत्ता ठेवावा ना. मी जगातल्या सगळ्या क्लार्कांना ओळखत नाही.”

“तुझा निरोप घेऊन मावशी अनवाणी आल्या होत्या. त्यांनी लिस्ट बघितली होती?”

“त्याचा इथे काय संबंध?”

गरज सरो, वैद्य मरो. मी इतकी ओरडले की समोरचे गुजराती काका दारात आले, आणि बाबांनी दादाला नाही, मला गप्प केलं. लोक ऐकतील म्हणे. ऐकू देत की!

खाली जाऊन मी मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे मी कायच बोलली न्हाय, आसं वाटलं त्याला.” मग विचारलं, “केलेली सही फाडता येते का गो?”

मी नाही म्हटलं.

“मंग एवढे दिवस कुठं अडकलं होतं?”

काय सांगणार होते मी? तुमच्या शेतावरच्या आमच्या घरात परक्यांसाठी एक टोपली ठेवलीय, दर रविवारी आम्ही ती रिकामी करतो आणि तुमचा मुलगा त्यात पडत होता, असं? “मशीनमध्ये अडकलं, मावशी,” मी म्हणाले.

“मशीनला काय कलतंय,” त्या म्हणाल्या. मलाच समजावल्यासारखं. मग उत्तर सांगितलं: “लिव, बरं केलंस. आय राजी हाय. तब्येत संबाल.”

मी वर येऊन तेवढंच टाइप केलं. दादानं मागून वाचलं. “बघ, त्यांची काही तक्रार नाही. घर तूच डोक्यावर घेतलंस,” असं म्हणून त्यानं मला उठवलं, खुर्चीवर बसला आणि त्या अनोळखी माणसाचा पत्ता अ‍ॅड्रेस बुकात घातला. त्या वाक्यासाठी मी दादाला अजून माफ केलेलं नाही. पण त्याच्यावर निदान मी ओरडले तरी. मावशी पुढची तीन वर्षं रोज वर येत राहिल्या, आणि त्यांना खरं काय ते मी एकदाही सांगितलं नाही.