खोकला नसताना

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा पहिला भाव मी कधी मान्य केला नाही. डॉक्टरांच्या बाबतीतही तेच केलं. पाठ दुखायला लागली तेव्हा शहरातल्या एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, "मणक्यात टीबीची शंका आहे. सुईनं नमुना काढून तपासू."

"टीबी? मला साधा खोकला नाय! छातीचा फोटो साफ आहे."

"हाडातही होतो. संध्याकाळी ताप येतो का?"

येत होता. मी नाही म्हणालो. सोबत आलेला धाकटा भाऊ बोलून गेला, "येतो, सर. कपडे बघा ना, किती ढिले झालेत."

मी तिथंच त्याच्यावर ओरडलो. वाटणीत रस्त्याकडचं दुकान यानंच घेतलं; आता मला टीबीवाला ठरवून गिऱ्हाईकही नेणार, असं वाटलं. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मग एकटाच दवाखाने फिरलो. ताप लपवायचो, एमआरआय पिशवीतून काढायचोच नाही. जो सगळ्यात हलका आजार सांगेल त्याचं ऐकायचं, असा हिशेब. शेवटी एक जण म्हणाला, "स्नायू आखडलेत, पट्टा बांधा." माझ्या मनात सौदा पक्का झाला.

एका सकाळी दुकानात उठायला गेलो तर पाय उचलेनात. चप्पल निसटलेली कळली नाही. विजार ओली झालेली हमालांनी आधी पाहिली, मी नंतर. भाऊ त्याच्या दुकानातून धावत आला, मला धोतर गुंडाळलं, पाठीवर घेतलं आणि जीपमध्ये टाकलं. त्याच पहिल्या डॉक्टरांकडे.

आता सुई झाली. मणक्यात पू साठून नसांवर दाब आला होता. टीबीच निघाला.

"ऑपरेशन लगेच करू. पण पाय किती परत येतील, आज सांगता येत नाही."

"निम्मे तरी?" माझ्या तोंडून निघालं.

मागून येऊन पोचलेल्या बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, इथं तरी नका हो!"

ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत. उजवा पाय टेकतो, डावा फरपटतो. भाऊ रोज सकाळी मला संडासापर्यंत नेतो. त्याच्या गळ्यात हात टाकताना मी भिंतीकडे बघतो.

"दादा, डावा टाक. लई झालं लाजणं."

मी टाकतो. कधी पडतो, कधी नाही.