उंबऱ्यातला खिळा

रसशास्त्राने भयानक आणि करुण यांची घरे वेगळी बांधली. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा शोक. भ्यालेला पळतो, शोक करणारा जागीच बसून राहतो. परंतु ज्याचे प्रिय माणूसच इतरांनी भयाचा विषय ठरवले, त्याने पळावे कोठे आणि बसावे कोठे? असा शोक फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि भयाला शरण न जाता तो आयुष्यभर सांभाळणे त्याहून थोड्यांना साधते. धामापूरच्या गुरुदास तेरसे मास्तरांना ते जवळजवळ साधले होते. हे ‘जवळजवळ’ त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले.

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. लग्नाला दोन वर्षे पुरी होत असताना त्यांची पत्नी किशोरी घरीच बाळंत झाली. मुलगी जगली. किशोरीला इस्पितळाकडे नेणारी जीप अर्ध्या वाटेवरून परतली. घर सांभाळणारी मास्तरांची थोरली विधवा बहीण अक्का. तिने डोळे पुसले आणि भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या घाड्याला बोलावणे धाडले. बाळंतपणात गेलेली बाई लेकरासाठी परत येते, असा गावाचा समज. म्हणून घाड्याने फणसाच्या उंबऱ्यात बोटभर लांबीचा लोखंडी खिळा ठोकला आणि स्मशानापासून घरापर्यंतच्या वाटेवर मोहरीएवढे राळ्याचे दाणे पेरले. दाणा न् दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि मोजून आलीच तर उंबऱ्यातले लोखंड ओलांडता येत नाही.

“अक्का, ती किशोरी गो,” एवढेच मास्तर म्हणाले.

“माका ठावक आसा ती कोण ता. माझीच भावजय. पण ह्या चेडवाक बघ. आवस ती, न्हेऊक येतलीच.”

मास्तरांनी हातातल्या मुलीकडे पाहिले. हातोड्याचे सात घाव त्यांनी उभ्याने ऐकले. तो होकार नव्हता. पण नकारही नव्हता.

पुढल्या वर्षी सावंतवाडीच्या बाजारात रद्दीच्या ढिगातून त्यांनी एक इंग्रजी कादंबरी उचलली. तिचे मुखपृष्ठ फाटले होते. धुक्यातला किल्ला, फिकट चेहऱ्याचा रक्तपिपासू सरदार, आरशात न उमटणारे रूप, हे सारे त्यांनी शिक्षकी अलिप्ततेने वाचले. मग एका पानावर ते थांबले. तो मृत सरदार पाहुणा होऊन दाराबाहेर उभा होता. अंगी अमानुष बळ असूनही घरातल्या कोणी ‘या’ म्हटल्याखेरीज त्याला आत पाऊल टाकता येत नव्हते. मास्तरांनी त्या पानाचा कोपरा दुमडला. त्यानंतर असल्याच कथा ते शोधून शोधून आणू लागले, आणि प्रत्येकीत तेच पान दुमडू लागले.

शेजारचा महादू त्यांची थट्टा करी. “मास्तरानू, हयली भुता कमी पडली म्हणान तुमी भायरची आणलात? आमची भुता कोंबो मागतत. तुमची काय मागतत?”

“भितर येवची परवानगी.”

“मगे ती भुता न्हय, पावणे!” महादू पोट धरून हसला. मास्तरही हसले, पण ते वाक्य घेऊन ते घरी आले आणि बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिले. आपल्याकडच्या भुताला बळी हवा असतो, सूड हवा असतो. या परक्या कथांतल्या मृताला मात्र माणूस हवे असते, आणि त्यासाठी तो दारात ताटकळत उभा राहतो. वाचणारे शहारतात, परंतु शहाऱ्याच्या तळाशी प्रत्येकाचे कोणी ना कोणी गेलेले असते, आणि ते कसल्याही रूपाने का होईना, एकदा दारी यावे ही इच्छा असते. म्हणून या कथा वाचल्या जातात, असे मास्तरांचे मत झाले.

एका जुन्या कथेत त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. दूरच्या त्या थंड देशांतही मृताच्या वाटेवर दाणे पेरीत, आणि तोही ते मोजीत बसे. मास्तरांनी ते मोठ्याने वाचून पुस्तक मिटले. चौदा वर्षांची लेक अस्मिता समोर अभ्यास करीत होती. आईचा विषय निघाला की अक्का उठून जाई, हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने हळूच विचारले, “बाबानू, आयेक मोजूक येय होता?”

“विसापर्यंत बरा. केसात माळूक सुरंगीचो वळेसर गुंफताना फुला मोजी. फुडे चुकायची, हसायची आणि परत एकापास्ना.”

अस्मिता हसली. बापाचा चेहरा पाहून थांबली.

खिळा काढावा, हे मास्तरांच्या मनात कायम होते. पण अक्काने त्या लोखंडाच्या भरवशावर मुलगी वाढवली होती. तिच्या देखत तो उपटणे म्हणजे तिच्या मायेला खोटे पाडणे. अक्का असेपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले. खिळा ठोकल्यापासून अक्का एकोणतीस वर्षे जगली.

ती गेली त्याच वर्षी अस्मिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातव्या महिन्याचे पोट सावरीत तिने खुंटीवरची पकड आणून बापापुढे ठेवली. “आता काढूया मा खिळो? माझी आवस भायर उभी आसा.”

मास्तरांनी पकड हातात घेतली. छत्तीस पुस्तकांतून ज्याने मृताला दार उघडले होते, त्या माणसाची नजर लेकीच्या पोटावर गेली, आणि त्यांनी पकड खाली ठेवली.

“तू बाळंत हो. मगे काढतंय.”

“बाबानू, तुमी सुद्धा?”

खिळा ठोकला त्या दिवशी अक्काला काय वाटले असेल, हे त्यांना तेव्हा प्रथम कळले. आणि किशोरीला दुसऱ्यांदा दाराबाहेर ठेवणारे आपणच, हेही कळले.

अस्मिता कुडाळच्या इस्पितळात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बारसे उरकल्यावर एका सकाळी मास्तर पकड घेऊन उंबऱ्याशी बसले. तीस पावसाळ्यांच्या गंजाने लोखंड लाकडात मुरले होते. त्यांनी जोर लावला तेव्हा खिळ्याचे डोके तुटून हातात आले. खिळा आतच राहिला. पटाशीने खणू पाहिले, तर फणसाचे लाकूड चिरू लागले. अस्मिताने त्यांचा हात धरला.

मास्तर उठले, दोन्ही दारे सताड उघडून त्यांनी पायवाटेकडे पाहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “ये गो. भितर ये.”

अंगणात ऊन होते. कोणी आले नाही. दुपारी जेवायला बसताना त्यांनी एक पान अधिक मांडायला सांगितले, आणि अस्मिताने ते काही न विचारता मांडले.

त्या कार्तिकात मास्तर गेले. कपाटात छत्तीस पुस्तके आहेत. प्रत्येकात एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. उंबऱ्यात डोके तुटलेला खिळा अजून आहे.