दोन ओळींचं उत्तर

"स्कॉलरशिपवाले उभे राहा."

गणिताचे सर पेपर वाटायच्या आधी हे म्हणायचे. ऑफिसची यादी जुळवायची आहे, असं कारण सांगायचे. यादी एकदा जुळली की जुळली, दर चाचणीला कशाला? पण विचारणार कोण. बारामतीतलं इंजिनिअरिंग कॉलेज, पहिलं वर्ष. भरलेल्या वर्गात आम्ही नऊ जण उभे. बसलेल्यांना पेपर हातात मिळायचे. आमचे गुण मोठ्यानं वाचले जायचे.

त्या दिवशी सरांनी माझा पेपर वर धरला. प्रश्न उलट्या शंकूसारख्या टाकीचा. पाणी एकाच वेगानं आत पडतंय, तर अमुक उंचीवर पातळी किती वेगानं चढते? डेरिव्हेटिव्ह काढून सोडवायचा. बाकीच्यांनी पानभर लिहिलं होतं. मी दोन ओळी. उत्तर बरोबर.

"कुणाचं उतरवलंस?"

"कुणाचं नाही, सर."

"वडील काय करतात?"

"विहिरी खणतात."

"तरीच. विहिरीत डोकावायची सवय. शेजारच्या पेपरात डोकावलीस."

वर्ग हसला. उभ्या असलेल्या नवांतलेही दोघं हसले. त्या दोघांचा राग मला जास्त आला.

सरांनी शून्य दिलं. वर सांगितलं, उद्या माफीनामा आण, 'मी कॉपी केली' असं लिहून. नाहीतर टर्म देणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. वर्ष गेलं. घरी जाताना भवानीनगर येईपर्यंत एसटीत मी रडले नाही. खोटं कशाला बोलू, रडले.

त्या दोन ओळी कुठून आल्या, ते सांगते. आम्ही दगड फोडणाऱ्या जातीतले. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही विहिरीच्या कामावर. त्यांनी खणलेल्या विहिरी बहुतेक वर रुंद, खाली निमुळत्या. उपसा थांबला की दादा गाठी मारलेला दोर आत सोडायचे आणि मला काठावर बसवायचे. बुडालेल्या गाठी मोजायच्या. तळातल्या भराभर बुडायच्या, वरच्या बुडता बुडायच्या नाहीत. एकदा विचारलं, झरा आटला का?

"न्हाय गं. झरा तेवढाच हाय. तोंड रुंद झालं."

मी तेव्हा दुसरीत होते. पेपरात तेच केलं. येणाऱ्या पाण्याला त्या उंचीवरच्या तोंडाच्या क्षेत्रफळानं भागलं. झालं.

घरी सांगितलं. दादा म्हणाले, "दे लिवून. मोठ्या मान्सांपुढं आपलं काय चालतंय? वरीस तरी वाचंल."

सुरुंगाची वात पेटवणारा माणूस एका मास्तरला भ्यायला. मला त्यांची लाज वाटली. मग त्या लाजेचीच लाज वाटली.

आईनं एवढंच विचारलं, "तू बघितलं हुतंस का दुसऱ्याचं?"

"न्हाय."

"मग कशापायी लिवायचं?"

दुसऱ्या दिवशी पेपर वाटायचे नव्हते, तरी सर पुन्हा म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." मी उठले नाही.

"माफीनामा?"

"आणला नाही. फळ्यावर सोडवू द्या."

सरांनी खडू पुढं केला. "रीतीनं सोडव."

घनफळाचं सूत्र लिहिलं. डेरिव्हेटिव्ह घेतलं. उत्तर तिप्पट आलं. वर्गात खसखस पिकली. सर म्हणाले, "बघा!"

माझे कान तापले. पण खडू ठेवला नाही. फळ्याकडं बघत राहिले. पाणी चढताना त्रिज्याही वाढते, आणि मी ती तशीच ठेवलेली. काठावर बसून गाठी मोजणाऱ्या पोरीनं नेमकं हेच विसरावं! पुसलं. पुन्हा लिहिलं. आता पेपरातलंच उत्तर आलं.

"पहिल्यांदा चुकलं, सर. पण चूकबी माझीच हाय. कुणाची उतरवलेली न्हाय."

घरची भाषा तोंडातून निघाली. निघू दे. सर फळा पुसत म्हणाले, "बस खाली. माफीनामा उद्या." शून्य तसंच.

मग मी अर्ज लिहिला, प्राचार्यांच्या नावानं. मी कॉपी केलेली नाही. पेपर दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. टर्म अडवायची असेल तर कारण लिहून, सही करून द्या. आम्हाला वर्गात उभं का करतात, तेही लिहून द्या. नवांपैकी चौघांनी खाली सह्या केल्या. त्यात हसलेला एकजण होता. बाकीचे घाबरले. त्यांना मी नावं ठेवत नाही.

खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला आणि परत सरकवला. "राहू दे पोरी. तुझंच नुकसान होईल."

"होऊ दे. पोच द्या."

"साहेब जेवायला गेलेत."

"थांबते."

मागं रांग वाढली, लोक कुरकुरले, मी हलले नाही. शेवटी त्यानं शिक्का मारला.

उत्तर अजून आलेलं नाही. वर्ष गेलं तर जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. माफीनामा मात्र माझ्या हातचा त्यांना मिळणार नाही.