कप बाबांचा, बशी आईंची

माझे सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि चहा प्यायचे. यातलं पोटापाण्याचं काम नेमकं कोणतं, हा प्रश्न मला लग्नानंतर बरेच दिवस पडला होता. गल्लीत त्यांना सगळे पेंटर म्हणतात. घरात ते बाबा. हट्टीपणात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. त्या हट्टीपणापायी मी जेवढी चिडले आहे, तेवढी स्वतःच्या नवऱ्यावरही चिडलेली नाही.

ते उमेदवारी करत होते तेव्हा चहा म्हणजे साखरेचा पाक होता. त्यांचा उस्ताद सकाळी एकदा पातेलं चढवायचा आणि दुपारपर्यंत तेच पुन्हा पुन्हा उकळायचा. त्या चहावर बाबा शिडी चढायला शिकले. वर चढल्यावर कप शिडीच्या पायरीवर टेकवायचा, एक अक्षर पुरं झालं की घोट. मोठी पाटी असली की शेवटचा घोट गार ठणठणीत. तेव्हापासून त्यांना वाफाळता चहा चालेनासा झाला. पाहुणे फुंकर मारून पिताना दिसले की हे म्हणायचे, "घाई कसली? चहा पळून चाललाय का?"

लग्न होऊन आई, म्हणजे माझ्या सासूबाई, या घरात आल्या त्या स्वतःची चव घेऊन. त्यांच्या माहेरी पत्ती नावाला, साखर बेतानं आणि उकळी फुटली की लगेच खाली. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, आजाऱ्याचा चहा. आईंनी पातेलं परत चढवलं, पत्ती टाकली, साखर टाकली. पुढे सगळी वर्षं घरात बाबांचाच चहा झाला.

पण कप आणि बशीची गोष्ट वेगळी. खालच्या खोलीत बाबांचं काम चालायचं. तिथल्या फळीवर रंगाचे डबे, ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनचा पेला आणि चहाचा कप शेजारीशेजारी. अक्षरावर नजर खिळली की हात जवळच्या भांड्यात जायचा. ब्रश चहात बुडाला तर फार बिघडत नव्हतं, एका शिंप्याच्या पाटीवर तपकिरी ओघळ आला तेवढंच. एके दिवशी उलटं झालं. त्यांनी पेला उचलून टर्पेंटाइनचा घोट घेतला. तोंडातच होता तोवर थुंकला म्हणून बरं. दिवसभर चुळा भरत बसले. आईंनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, "यापुढे चहा मी आणणार, आणि तो संपेपर्यंत समोर बसणार. कप फळीवर ठेवलेला मला दिसता कामा नये."

आता नुसतं बसून दुसऱ्याचं पिणं बघत राहणं आईंच्या स्वभावात नाही. म्हणून बाबा आधी अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवायचे आणि उरलेला कपातून प्यायचे. तेवढा वेळ ब्रश खाली. भांडण झालेलं असलं तरी बशी भरून पुढे यायची, फक्त जरा आवाज करून. मी घरात आले तेव्हा मला वाटलं, कप कमी आहेत की काय. मी हौसेनं नवा सेट आणला. तो अजून कपाटात आहे.

मग छापील बोर्ड आले. हातानं रंगवलेली पाटी सगळ्यांना नकोशी झाली. काम आटलं तसा चहा वाढला आणि कडवट होत गेला. जीभ तुरट होईपर्यंत उकळलेला, काळपट. मग साखरेचा आजार निघाला. साखर बंद झाली तेव्हा बाबा काही दिवस तोंड पाडून बसले. नंतर एकदम पलटी. साखर घालणाऱ्यांना चहा कळतच नाही म्हणे! जन्मभर पाक प्यायलेला माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला हे ऐकवायचा, आणि आई पदर तोंडाला लावून हसायच्या. बशीतून बिनसाखरेचा कडक चहा त्याही पीत होत्या, तक्रार न करता.

मागच्या वर्षी बाबांच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला. हात चालत होते, डावा पाय ओढत होता, तोंड एका बाजूला कललं होतं आणि गिळणं बिघडलं होतं. दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण थेरपिस्ट होती. तिनं बजावलं की पाणी, चहा, दूध, काहीही पातळ द्यायचं नाही. पातळ पदार्थ झरकन पुढे जातो आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत शिरतो. एक पावडर मिळते, ती घालून सगळं मधासारखं दाट करायचं आणि चमच्यानं द्यायचं.

पहिला चमचा बाबांनी तोंडात घोळवला, गिळला आणि अडखळत म्हणाले, "हा चहा नाही. खळ आहे. पोस्टर चिकटवा याने."

आई त्या दिवसापासून चहाच पिईनात. मी त्यांच्यासाठी वेगळा केला तर म्हणाल्या, "नको गं, इच्छा नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवला, तर बशी उचलून त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिली, लग्नातल्या पितळी भांड्यांच्या मागे. बाबा पलंगावरून बघत होते.

आई भाजी आणायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द नीट निघत नव्हते, पण कळत होते. "तिनं बशी वर ठेवली, सूनबाई. म्हणजे तिच्या लेखी मी गेलो." मी काहीतरी समजूत घालायला लागले, तर त्यांनी हात झटकला. "समजूत नको घालूस. मी तिला बशी भरून देणार. माझ्या कपातली."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला व्यायाम म्हणायचं. दाढीच्या आरशासमोर बसून बाबा जीभ बाहेर काढायचे, गाल फुगवायचे, बारीक आवाजात "ई" लांबवायचे, रिकामंच गिळायचे. शेजारीण कपडे वाळत घालता घालता डोकावली आणि घाबरून आत गेली. ज्यांनी आयुष्यभर डॉक्टरला पाठ दाखवली, ते दिवसातून कितीदा तरी आरशाला जीभ दाखवत होते. मला हसू यायचं आणि लगेच डोळेही भरायचे.

थोड्या दिवसांनी त्यांनी पावडरीचा डबा स्वतःकडे मागितला. म्हणाले, दाट काय आणि पातळ काय, हे बघण्यातच माझा जन्म गेला. ते खरंच होतं. रंगात काडी बुडवून वर धरायची आणि थेंब कसा सुटतो ते बघायचं, ही त्यांची सवय. चहाचंही तसंच करायला लागले. चमचा वर धरायचे, एक डोळा बारीक करून थेंब बघायचे आणि मान हलवायचे. मला दुकानात औषधांच्या काउंटरवर उभं राहायचं असतं, घरी येऊन स्वयंपाक असतो. एक काम कमी झालं म्हणून मी खूश झाले.

त्यांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कसं कळावं? ते रोज पावडर चिमूटभर कमी करत होते. रंग पातळ करताना थिनर एकदम ओतत नाहीत, बेताबेतानं घालतात आणि ब्रश ओढून बघतात. तोच हिशेब त्यांनी घशाला लावला. ठसका लागला नाही म्हणजे नीट उतरलं, मग उद्या आणखी थोडं पातळ. ठसका एकदाही लागला नाही.

ताप आला तो हुडहुडी भरूनच. छातीत घरघर. दवाखान्यात फोटो काढला आणि फुप्फुसात संसर्ग निघाला. थेरपिस्टनं आल्या आल्या विचारलं, "काका, चहा पातळ केला होता का?"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "ठसका नव्हता लागला."

"तुमचा ठसका झोपलाय, काका," ती शांतपणे म्हणाली. "या आजारात असं होतं. चहा छातीत उतरतो आणि घसा हूं की चूं करत नाही. म्हणून तर तपासणीशिवाय पुढे जायचं नाही."

माझा तोल सुटला. वॉर्डात सगळे बघत होते तरी मी बोलून घेतलं. म्हटलं, तुमचा घसा म्हणजे दुकानाची पाटी आहे का, बिघडली तर पुसून परत रंगवायला? कोणाला विचारलंत? कोणाला सांगितलंत? आई इतका वेळ पायाशी बसून त्यांची चादर सारखी करत होत्या. त्या उठल्या, बाबांच्या चेहऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बशीसाठी जीव घालवलात ना, तर ती बशी मी तुमच्यासमोर फोडीन," त्या म्हणाल्या. आणि मग इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं रडताना पाहिलं.

घरी आल्यावर सगळं पहिल्यापासून. पुन्हा खळ, पुन्हा चमचा. मला वाटलं होतं आता हे खचणार. पण बाबांनी पावडरीचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. "हा माझ्या हाताला लागू देऊ नकोस," म्हणाले. "मागितला तरी." ज्यांनी स्वतःच्या मुलालासुद्धा कधी रंग कालवू दिला नाही, त्यांनी मोजायचा चमचा माझ्यावर सोपवला. तेव्हा मला कळलं की हा माणूस आता खरंच बरा व्हायला निघालाय.

आरशासमोरचं "ई" परत सुरू झालं. कंटाळा आला तरी, ताप उतरल्यावरच्या अशक्तपणात मान लटपटत असली तरी. हनुवटी छातीला लावून गिळायचं, प्रत्येक चमच्याला, अगदी प्रत्येक चमच्याला. कपभर चहा संपायला सकाळ जायची. आणि इतका वेळ चहा तोंडात राहायला लागल्यावर एक मजा झाली. बाबांना चव कळायला लागली. आज आलं जुनं आहे. आज दूध आधी घातलंस. आज पातेल्याला कालच्या भाजीचा वास आहे. मी कपाळावर हात मारायची. कडक पत्ती तर त्यांना सोसेचना. दाट चहाचा कडवटपणा जिभेवर बसायचा तो उठायचाच नाही. "पत्ती कमी कर," ते म्हणायचे. काही दिवसांनी, "अजून कमी." मग, "उकळी फुटली की उतरव."

मधापासून ताकापर्यंत यायला ऋतू बदलला. प्रत्येक पायरीला दवाखान्यात जाऊन तपासणी, आणि थेरपिस्ट "अजून नाही" म्हणाली की बाबा नुसते "बरं" म्हणून परत यायचे. तिच्याशी एकदाही वाद नाही. आई सोबत यायच्या, बाहेर बाकड्यावर बसायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. चहा त्यांनी घेतला नाही तो नाहीच. हट्टीपणा या घरात एकट्या बाबांकडे आहे, असं समजून मी इतकी वर्षं उगाच त्यांच्यावर चिडत होते.

शेवटच्या तपासणीत बाबांना यंत्रासमोर बसवून पाणी प्यायला लावलं. थेरपिस्टनं पडद्याकडे पाहिलं, आणखी एकदा प्यायला सांगितलं आणि मग हसली. "छोटे घोट. हनुवटी खाली. गप्पा मारत प्यायचं नाही. बाकी, काका, चहा प्या."

घरी आल्यावर बाबांनी कोणाला काही बोलू दिलं नाही. स्टूल घ्यायला लावलं, मला वर चढवलं आणि पितळी भांड्यांमागची बशी काढायला लावली. मी ती धुतली. चहा टाकला, त्यांना आता आवडतो तसा. पत्ती नावाला, उकळी फुटली की खाली. गाळताना माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. हा तर आजाऱ्याचा चहा! आईंच्या माहेरचा. याला नावं ठेवणारा माणूस टेबलाशी ताठ बसून त्याची वाट बघत होता.

त्यांनी कप उचलला. आई समोर बसल्या होत्या, हात मांडीवर. बाबांनी बशीत ओतायला सुरुवात केली. थोडं टेबलावर सांडलं. मी फडकं घेऊन पुढे झाले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. बशी भरली. त्यांनी ती पुढे सरकवली.

आईंनी बशी दोन्ही हातांनी उचलली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ई! पाणी आहे नुसतं," त्या म्हणाल्या. "पत्ती संपली का घरातली?"

बाबा बघतच राहिले. "अगं, तुझ्या माहेरचा आहे."

"माहेर सोडून किती वर्षं झाली मला? तुमचा कडक पिऊन पिऊन जीभ जळली माझी. आता हा कुठला गोड लागतोय?"

बाबांना हसू यायला लागलं. हसता हसता चहा नको, एवढं शिकवलेलं त्यांना आठवलं. त्यांनी कप खाली ठेवला, पुरतं हसून घेतलं, मग हनुवटी छातीला लावून एक छोटा घोट घेतला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. ठसका नाही, घरघर नाही. नीट उतरला.

आईंनी तोपर्यंत तो पाणचट चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला होता. त्यांनी रिकामी बशी पुढे केली. बाबांनी आपल्या कपातला उरलेला सगळा चहा तिच्यात ओतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून पत्ती वाढव. हिला फिका चालत नाही."