रफाराची दुरुस्ती

त्या काळात मला सगळ्या गोष्टींवर मत होतं. नोकरी बेलापूरच्या एका कचेरीत होती, लोकांचे अडून बसलेले कॉम्प्युटर चालू करून द्यायची. राहायला नवीन पनवेलमध्ये. आणि दर आठवड्याला पनवेलच्या एका साप्ताहिकात माझं सदर यायचं. कोणती कंपनी कोणाला गिळायला निघालीय, कोणी कोणाला कोर्टात खेचलंय, असल्या बातम्या मी इंटरनेटवरून गोळा करायचो आणि त्यांवर चांगला पाऊण पान निकाल द्यायचो. माझा मुख्य विषय मात्र ओपन सोर्स. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, ते खरं. बाकी सगळा बाजार. असं मी इतक्या वेळा लिहिलं होतं की साप्ताहिकाचे संपादक, जे वयाने माझ्या वडिलांएवढे होते, मला हसत विचारायचे, “काय, या आठवड्यात कोणाला झोडपणार?”

वाचक किती होते देव जाणे. पण एक पक्क्या होत्या. जुन्या पनवेलमधल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला सर. मी शिकवत नव्हतो कोणालाच, पण कॉम्प्युटर जाणणारा तो सर, असा तेव्हाचा हिशेब होता. शनिवारी मी पुस्तक बदलायला गेलो की त्या सदरातलं एखादं वाक्य काढायच्या आणि अर्थ विचारायच्या. मला ते फार आवडायचं.

एका शनिवारी त्या रडकुंडीला आल्या होत्या. वाचनालयाला नवीन कॉम्प्युटर मिळाला होता आणि जुन्यावरची सगळी यादी त्यावर आणली होती. आधीच्या ग्रंथपालांनी काही वर्षं खपून पुस्तकांची, जुन्या मासिकांची, अगदी दिवाळी अंकांतल्या एकेका लेखाची सूची टाइप करून ठेवली होती. नवीन पडद्यावर ती उघडली तर मराठीचा मागमूस नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम.

“हे सगळं गेलं का हो?” त्यांनी विचारलं.

गेलं नव्हतं. जुन्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग असायचं. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठी चेहरा. तो फॉन्ट नसला की चेहरा उतरायचा. ती अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळेल अशा मराठीत, बदलणारं काहीतरी हवं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी बघतो.”

बघितलं ते इंटरनेटवर. दोन दिवसांत एक छोटासा प्रोग्रॅम सापडला, नेमका त्याच फॉन्टसाठी. कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. लेखकाच्या जागी एक टोपणनाव आणि खाली ‘उरण’. सोबत परवान्याची एका पानाची फाईल. वापरा, बदला, वाटा, कोणाला विचारायची गरज नाही. अट एकच, ही फाईल आणि यातलं नाव काढू नका. असले परवाने मला तोंडपाठ होते. त्यांच्यावर मी लेख लिहिले होते.

कोड मी वाचला आणि मनातून थक्क झालो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. जोडाक्षर असलं की तिला दोन घरं ओलांडून न्यावं लागतं. ते काम त्या माणसाने (माणूसच असणार, हे मी धरूनच चाललो होतो) इतकं सरळ केलं होतं की मला ते कधीच सुचलं नसतं. मध्ये मध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी टिपणं: ‘हिला मागं ढकला’, ‘हितं थांबा’. चाचणीसाठी एक फाईल होती, तिच्यात नुसती माशांची नावं. जिताडा, चिंबोरी, तिसऱ्या, शिवल्या, निवट्या, चिवणी.

सूची त्यातून काढली तर नव्वद टक्के स्वच्छ. पण रफार चुकत होता. ‘धर्म’चं ‘धमर्’ होत होतं, ‘वर्ष’चं ‘वषर्’. मी तीन संध्याकाळी बसून तो रफार जागेवर आणला. वीस-बावीस ओळी असतील. माझं काम एवढंच.

मग मी प्रोग्रॅमची खिडकी मराठीत केली, म्हणजे बाईंना सोपं जावं. ‘रूपांतर करा’, ‘जतन करा’ अशी बटणं. त्याच ओघात, ‘या प्रोग्रॅमविषयी’ असं बटण होतं तिथलं टोपणनाव काढून मी माझं नाव घातलं. आणि परवान्याची फाईल पुसून टाकली. तेव्हा मी स्वतःशी काय म्हणालो ते नीट आठवतंय: बाईंना इंग्रजी फाईल बघून उगाच गोंधळायला होईल. हे मी खरं मानलं. निदान तसा चेहरा केला, आणि तो चेहरा बघायला खोलीत मीच होतो.

बाईंच्या पडद्यावर सूची मराठीत उमटली तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“सर, हे तुम्ही केलंत?”

“हो, बसलो जरा,” मी म्हणालो.

बसलो होतो हे खरंच होतं. पण पुढे त्यांनी चाचणीची फाईल उघडली आणि हसू लागल्या. “अहो, तुम्ही तर शाकाहारी ना? एवढे मासे कुठून आले?”

तोपर्यंत मी फार तर मोघम बोललो होतो. आता सरळ खोटं बोलावं लागलं. “ऱ्हस्व वेलांट्या भरपूर आहेत त्यांत,” मी म्हणालो. “चाचणीला बरे पडतात.” जिताडा कसा दिसतो हेही मला ठाऊक नव्हतं. पण उत्तर इतकं सफाईने आलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाईंनी संपादकांना सांगितलं, संपादकांनी पहिल्या पानावर चौकट छापली: पनवेलच्या तरुणाने लिहिला मराठी वाचवणारा प्रोग्रॅम. त्याच अंकात आत माझं सदर होतं. एका परदेशी कंपनीने लोकांनी मिळून लिहिलेला कोड उचलून स्वतःच्या नावावर खपवल्याची बातमी तेव्हा गाजत होती. ‘दुसऱ्याच्या श्रमावर आपल्या नावाची पाटी लावणं ही चोरीच, मग ती करणारा कितीही मोठा असो,’ असं मी लिहिलं होतं. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही. ही गोष्ट मला आज सगळ्यात जास्त लागते.

वाचनालयाच्या वर्धापनदिनी शाल आणि नारळ झाला. बाईंनी प्रोग्रॅम आसपासच्या वाचनालयांना पाठवायला घेतला. मी परवाना पुसला नसता तर तो हक्क त्यांना परवान्यानेच दिला असता. आता त्या माझी परवानगी मागत होत्या आणि मी उदारपणे देत होतो.

पाच-सहा महिन्यांनी बाईंचा कचेरीत फोन आला. “उरणहून एक जणी आल्यात. तुमचा प्रोग्रॅम तिकडच्या वाचनालयात बघितला म्हणे. शनिवारी येतील परत, तुम्हाला भेटायचंय.”

उरण. मी काढून टाकलेल्या टोपणनावाखाली तेच होतं. पण शनिवारी गेलो. न जाण्याला काही कारण सांगावं लागलं असतं.

टेबलाशी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. फिकट पंजाबी ड्रेस, खांद्याला ऑफिसची पिशवी, केसांत अबोलीचा गजरा. ग्रंथपाल बाईंनी ओळख करून दिली. या उरणच्या, बंदराजवळच्या कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर आहेत. हे आमचे सर. मग त्या चहा सांगायला खाली गेल्या. आम्ही दोघंच राहिलो.

“सर, तो फॉन्टचा प्रोग्रॅम,” ती म्हणाली, “तो मी लिवलाय.” मग जरा थांबून, ऑफिसातल्यासारखं: “म्हणजे लिहिलाय.”

मी टेबलावरचं रजिस्टर सरळ करून ठेवलं. तिला तो नकार वाटला असावा, कारण घाईने सांगू लागली. “आमच्या शाळेतल्या गुरुजींनी लग्नातली कोळी गाणी टाइप करून ठेवलेली. ते गेले, आणि त्यांच्या पोरीला ती वाचता येईनात. तिच्यासाठी केला. मासे बघून वळखला मी. बाबांच्या तोंडची नावं हायत ती.”

“कोड खुला होता,” मी म्हणालो. “खुला कोड कोणीही वापरू शकतो.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. सदरात मी याच वाक्याची कितीदा खिल्ली उडवली होती.

“वापरा ना,” ती म्हणाली. “त्यासाठीच ठेवलाय. मी त्याच्यासाठी नाय आले. पण ती परवान्याची फाईल का काढली तुमी?”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा होतो. पण तिला खरंच कळत नव्हतं. यंत्राचा एखादा भाग काढलेला दिसावा आणि का काढला असेल असा प्रश्न पडावा, तसं ती विचारत होती. मी टेबलावरच्या शिक्क्यांकडे बघत राहिलो. शेवटी “चुकून झालं असेल,” असं म्हणालो. ‘असेल’. जणू कोणी तिसऱ्यानेच केलं होतं.

तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. “रफाराचं तुमी लय चांगलं केलंय. ते मला देणार का? माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या यादीत रफार असलेलं नाव एकाही माशाला नाय ना, मग चुकतंय ते कळणार कसं?”

आणि ती हसली. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. बाई चहा घेऊन वर आल्या तेव्हा मी त्या वीस-बावीस ओळी पेनड्राइव्हवर उतरवत होतो. “झाली का ओळख?” त्यांनी विचारलं.

“झाली,” ती म्हणाली. “सरांकडनं एक दुरुस्ती घेतली.”

ती एका वाक्यात मला उघडं करू शकली असती. तिने केलं नाही. मला बोलायला जागा ठेवली होती, हे उघड होतं. मी चहा प्यायलो. उरणच्या गाड्यांची चौकशी केली. आणि घरी गेलो.

दोनच दिवसांत तिने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती इंटरनेटवर ठेवली. मी पान उघडलं. आता टोपणनावाच्या जागी तिचं पूर्ण नाव होतं. त्याखाली एक नवी ओळ: ‘रफाराची दुरुस्ती’, आणि पुढे माझं नाव, ‘पनवेल’. नाव शुद्ध लिहिलं होतं, आडनावासकट. मी किती वेळ त्या ओळीकडे बघत बसलो होतो सांगता येत नाही. कोणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी सदरात खुलासा लिहायला बसलो. पहिला मसुदा बरा होता. दुसऱ्यात ‘मी घेतला’चं ‘आधार घेतला गेला’ झालं. तिसऱ्यात ‘उरणच्या एका भगिनीचंही यात मोलाचं सहकार्य लाभलं’ असं वाक्य उतरलं आणि ते वाचून मला माझीच किळस आली. तरी छापायला तेच दिलं. संपादकांनी जागा नव्हती म्हणून ते वाक्य कापलं. मी त्यांना फोन केला नाही.

सदर त्यानंतर चार महिने चाललं. कोणत्याही कंपनीवर काही लिहायला गेलो की वाक्य निम्म्यावर थांबायचं. नोकरीचं कारण सांगून मी ते बंद केलं. संपादकांना खरंच वाईट वाटलं.

नंतरच्या वर्षांत जग बदललं. ज्या बड्या कंपन्यांना आम्ही ओपन सोर्सचे वैरी म्हणायचो त्याच त्याच्या मोठ्या आश्रयदात्या झाल्या. त्यांतल्याच एकीने जगभरच्या खुल्या कोडचं मोठं कोठार विकत घेतलं तेव्हा कचेरीतली तरुण मंडळी तावातावाने बोलत होती. मला कोणीतरी विचारलं, “सर, तुम्ही पूर्वी यावर लिहायचात ना? तुमचं काय मत?” मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांना ते नम्रतेचं लक्षण वाटलं.

बाईंना मी सांगितलं ते त्या निवृत्त व्हायच्या आठवड्यात. त्या कपाटाच्या किल्ल्या एकेक करून कागदाला बांधत होत्या. मी सगळं सांगितलं, पुसलेल्या फाईलसकट, माशांसकट. या वेळी ‘असेल’ म्हणालो नाही. त्यांनी किल्ल्या खाली ठेवल्या. मग एवढंच म्हणाल्या, “अहो, मी सतरा ठिकाणी तुमचं नाव सांगितलं.”

“हो,” मी म्हणालो.

“मग ते सगळं मलाच निस्तरायला हवं ना आता?”

त्यांनी ड्रॉवरमधून पोस्टकार्डं काढली. आजकाल पोस्टकार्ड कोण लिहितं, मी मेल करतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी मला त्या उरणच्या बाईंचं नाव नीट सांगायला लावलं, एकेक अक्षर करून, आणि पहिलं कार्ड लिहायला घेतलं. मी समोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही, आणि बसा असंही म्हटलं नाही.